गाणं आत, नाच दाराबाहेर

शरीराच्या एका भागासाठी मराठीत धड शब्द नाही. 'नितंब' म्हणावं तर एखादी संस्कृत नायिका काव्यातून उठून आल्यासारखी वाटते. 'ढुंगण' घरात चालतं, तेही लहान मुलांच्या बाबतीत. आणि 'कुल्ले' हा शब्द संपादक छापतील की नाही, याची मला हे लिहितानाही खात्री नाही. अडचण पहिल्याच ओळीत आली, कारण ज्या नाचापासून सुरुवात करायची त्याचा विषयच तो आहे. जावोले विला जो झोलर या कृष्णवर्णीय अमेरिकी नृत्यदिग्दर्शिकेने १९९५ साली 'बॅटी मूव्ह्ज' नावाची रचना बसवली. 'बॅटी' हा कॅरिबियन बोलीतला शब्द, अर्थ वर आलाच. बॅले शिकायला गेलेल्या मुलीला पहिल्या दिवसापासून बजावलं जातं की मागचा भाग आत ओढून धर, तो दिसता कामा नये. झोलर यांनी नेमकं तेच हलवलं, त्याच्या लयीवर नाच बांधला आणि बायकांच्या थट्टामस्करीसकट तो मंचावर आणला.

मराठी वाचकाला इथे लावणी आठवेल, आणि ती आठवायलाच हवी. तिच्याकडे यायला मात्र जरा वेळ लागेल. नृत्यनाट्य, सामाजिक न्याय आणि वस्तीतली शिकवणी या तीन गोष्टी एका संचात एकत्र नांदवण्याचे प्रयत्न गेली नव्वद वर्षं जगभर चालू आहेत. त्यांतून काय हाती लागलं, आपल्याकडे काय झालं आणि मुख्य म्हणजे या शिकवणीत गुरू कोण आणि शिष्य कोण, हे पाहायचं आहे.

झोलर यांचा संच 'अर्बन बुश विमेन' १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाला. झोलर मूळच्या मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीच्या, जन्म १९५० चा. संच बायकांचा, बहुतेक कृष्णवर्णीय, आणि बॅलेच्या मापात न बसणाऱ्या अंगांचा. १९८८ च्या 'शेल्टर'मध्ये बेघर बायका आहेत. ही रचना पुढे एल्विन एली यांच्या मोठ्या कंपनीनेही आपल्या कार्यक्रमांत घेतली. पण या संचाची खरी कामाची रीत कळते ती २००१ च्या 'हेअर स्टोरीज'मध्ये. कुरळे केस सरळ करायला तापवलेला कंगवा आणि रसायनं, 'चांगले केस' म्हणजे नेमके कुणासारखे, आईने मुलीची वेणी घालताना दिलेले हिसके आणि टोमणे, हा सगळा ऐवज. तो गोळा करण्यासाठी संचाने लोकांच्या दिवाणखान्यांत आणि केशकर्तनालयांत 'हेअर पार्टी' भरवल्या. बायका बोलत, नर्तिका ऐकत, मध्येच उठून एखादा तुकडा करून दाखवत. त्यातलं काही मंचावर गेलं, आणि मंचावरचं पुन्हा अशा बैठकींत परत आलं.

१९९७ पासून हा संच उन्हाळ्यात एक नेतृत्व शिबिर भरवत आला आहे. त्यात नर्तक आणि वस्त्यांतले कार्यकर्ते एकत्र राहतात, सकाळी अंग मोडून नाचतात आणि वंशवाद कसा चालतो यावर डोकं फोडतात. शिबिरातला एक धडा मला फार महत्त्वाचा वाटतो. वस्तीत शिरायचं कसं, तिथे काही उभारायचं कसं आणि तिथून निघायचं कसं, अशी त्याची तीन अंगं आहेत. पहिल्या दोहोंवर आपल्याकडे कितीतरी पुस्तिका निघाल्या असतील. निघण्याचा अभ्यास करावा लागतो, हे मात्र कुणाला सुचल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे प्रकल्पाचे पैसे संपले की माणसं निघतात. ताई यायच्या बंद झाल्या, एवढंच मुलांना कळतं.

या रीतीची मुळं जुनी आहेत. १९३२ साली, मंदीच्या ऐन तडाख्यात, न्यूयॉर्कमध्ये 'न्यू डान्स ग्रुप' निघाला. नाच हे वर्गलढ्याचं हत्यार आहे, असं त्या तरुण मुली उघड म्हणत. दहा सेंट द्यायचे आणि तीन तास शिकायचं: एक तास अंगाची तयारी, एक तास एखाद्या चालू प्रश्नावर स्वतः काही रचायचं आणि एक तास वाद घालायचा. माझ्या मते आजच्या अर्ध्याअधिक नृत्य कार्यशाळांचा आराखडा हाच आहे, फक्त दहा सेंट राहिले नाहीत. याच ठिकाणी शिष्यवृत्तीवर शिकलेल्या पर्ल प्रायमस यांनी दक्षिणेत कृष्णवर्णीयांना झाडाला टांगून मारण्यावर एकल नृत्य केलं आणि १९४४ साली त्या स्वतः दक्षिणेत जाऊन खंडकऱ्यांबरोबर कापूस वेचत राहिल्या. त्यांच्या नोंदींवर झोलर यांनी पुढे 'वॉकिंग विथ पर्ल' रचलं. कॅथरिन डनहॅम यांचं 'साउथलँड' हे नृत्यनाट्यही अशाच झुंडबळींवरचं. ते १९५१ साली चिलीची राजधानी सांतियागोमध्ये झालं आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याला ते मुळीच रुचलं नाही. डनहॅम यांनी १९६७ साली ईस्ट सेंट लुईस या पिचलेल्या गावात कलाशिक्षणाचं केंद्र काढलं आणि तिथेच मुक्काम ठोकला. १९९२ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, हैतीच्या निर्वासितांना परत पाठवण्याच्या निषेधात त्यांनी ४७ दिवस उपोषण केलं. झोलर यांचे पहिले नृत्यशिक्षक जोसेफ स्टीव्हन्सन हे डनहॅम यांचेच विद्यार्थी, म्हणजे हे आपल्या घराण्यांसारखंच आहे. गुरूकडून अंगाची बैठक येते आणि तिच्याबरोबर रागही येतो.

युरोपातली वाट वेगळी आहे. कुर्ट योस यांचं 'द ग्रीन टेबल' १९३२ चं. हिरव्या मेजाभोवती वाटाघाटी करणारे मुखवटेधारी म्हातारे आणि मागे युद्धात नाचणारा मृत्यू. पुढच्याच वर्षी नाझींनी संचातल्या ज्यूंना काढायला सांगितलं तेव्हा योस यांनी देश सोडला. त्यांच्या शिष्या पिना बाउश १९७३ साली वुपर्टालला आल्या आणि 'टान्सथिएटर' हा शब्द जगभर झाला. बाउश यांना कुणी सामाजिक कार्यकर्ती म्हणणार नाही, त्यांनाही ते आवडलं नसतं. पण स्त्रीपुरुषांच्या आकर्षणावरचं आणि क्रूरपणावरचं १९७८ चं 'कोन्टाक्टहोफ' त्यांनी २००० साली गावातल्या ६५ वर्षांपुढच्या, कधीही मंचावर न चढलेल्या माणसांकडून करवून घेतलं आणि २००८ मध्ये शाळकरी वयाच्या मुलामुलींकडून. रचना तीच, पावलंही तीच. तरुण व्यावसायिक नर्तकाने हळूच गालाला लावलेला हात आणि सत्तरीच्या आजींनी तसाच लावलेला हात यांतला फरक प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. समाजशिक्षणाचा एकही शब्द न उच्चारता इतकं साधलेलं काम मला दुसरं माहीत नाही.

अमेरिकेत लिझ लर्मन यांनी म्हाताऱ्यांबरोबरचं काम त्याच्या पंचवीस वर्षं आधीच सुरू केलं होतं. आईच्या मृत्यूवर रचना करताना त्यांना म्हातारी अंगं हवी होती, म्हणून त्या वॉशिंग्टनमधल्या वृद्धनिवासात शिकवायला गेल्या. १९७६ साली 'डान्स एक्स्चेंज' उभं राहिलं. नव्वदीत न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथला जहाजाची गोदी बंद पडण्याची भीती होती, तेव्हा दोन वर्षं गोदीच्या कामगारांबरोबर राहून त्यांनी नाच बसवला. पाणबुड्या दुरुस्त करणाऱ्या गड्यांना नाचायला लावायचं, ही कल्पनाच आधी सगळ्यांना हास्यास्पद वाटली होती. शेवटी कामाच्याच हालचालींमधून नाच उभा राहिला. आपल्या गिरण्या बंद पडत होत्या त्या वर्षांत असं कुणाला सुचलं असतं तर, असा विचार लालबाग-परळवरून जाताना मला अनेकदा येतो. सुचलं असतं तरी गिरणी कामगाराने आधी पगाराचं विचारलं असतं, आणि ते बरोबरच होतं.

आता भारताकडे, आणि तेही एका पुलावरून. कोलकात्याहून अमेरिकेत गेलेल्या नर्तिका आणि अभ्यासक अनन्या चॅटर्जी यांनी २००४ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दोनच नृत्यदिग्दर्शिका शेजारी ठेवल्या: झोलर आणि चंद्रलेखा. दोघी एका परंपरेतल्या नव्हेत, पण दोघींनी बाईच्या अंगावरचा मालकी हक्क हा प्रश्न नाचातच सोडवायला घेतला. त्याच वर्षी चॅटर्जी यांनी मिनिआपोलिसमध्ये 'अनन्या डान्स थिएटर' काढलं. ओडिसी, मयूरभंज छाऊ आणि योग यांच्या मिश्रणातून त्यांनी आपली नृत्यपद्धत बांधली. संचात बहुतेक गौरेतर बायका. तेल, पाणी, जमीन असे विषय, आणि रचनेच्या शेवटी प्रेक्षकांनाही नाचायला उठवण्याची प्रथा. त्यांच्या संस्थेच्या नावात 'संग्राम' हा शब्द बंगाली उच्चारानिशी येतो. मला त्यांच्या कामात कधीकधी घोषणा जास्त आणि मौन कमी वाटतं. पण बिगारीपासून शिकवून वीस वर्षं संच टिकवणं हे घोषणेपेक्षा अवघड काम त्यांनी केलं आहे.

चंद्रलेखा मात्र घोषणेच्या आणि मौनाच्या दोन्ही बाजूंना राहून आल्या होत्या. त्यांचा जन्म १९२८ साली आपल्याकडच्या वाडा गावचा. वाडा म्हणजे तारप्याचा मुलूख, जिथे नाच गोल फिरतो आणि पाहणारा वेगळा उरत नाही. त्या कुटुंबाने गुजराती, शिक्षणाने कायद्याच्या विद्यार्थिनी आणि शेवटी मद्रासच्या झाल्या. १९५२ साली रायलसीमेतल्या दुष्काळासाठी निधी गोळा करणाऱ्या कार्यक्रमात त्या भरतनाट्यम करत होत्या. पदात गोपी यमुनेच्या पाण्यात खेळतात. अभिनय करता करता त्यांना एकदम जाणवलं की आपण हातांनी ओंजळ ओंजळ पाणी उडवतो आहोत, आणि ज्यांच्यासाठी हे चाललं आहे त्यांच्या विहिरी कोरड्या आहेत. ही आठवण त्यांनीच पुढे सांगितली. त्यातून त्या लगेच नाच सोडून गेल्या नाहीत, पण नाचातल्या देवादिकांच्या कथा त्यांना पेलेनाशा झाल्या.

पुढची बरीच वर्षं त्या मंचापासून दूर होत्या. दशरथ पटेल आणि सदानंद मेनन यांच्याबरोबर 'स्किल्स' या गटातून त्यांनी स्त्रीमुक्ती चळवळीसाठी पोस्टर केली, गावोगाव पोस्टरच्या कार्यशाळा घेतल्या. १९८२ साली त्यांच्यावर आणि मेनन यांच्यावर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. तो पुढे टिकला नाही. १९८४ मध्ये मुंबईत पूर्व-पश्चिम नृत्यसंमेलनात त्या परत मंचावर आल्या आणि दुसऱ्या वर्षी 'अंगिका' आलं. भरतनाट्यम, कळरीपयट्टू आणि योग. सखी नाही, कृष्ण नाही, रुसवेफुगवे नाहीत, फक्त पाठीचा कणा आणि त्याचं वागणं. १९८९ च्या 'लीलावती'त भास्कराचार्यांची गणितं नाचली, तीही भुंगे, हंस आणि कमळं यांच्यासकट. चळवळीत वापरलेलं पोस्टर आणि मंचावरचं शरीर या दोन्ही गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या ठेवल्या, हे मला त्यांचं मोठं शहाणपण वाटतं. नाचाकडून पोस्टरचं काम त्यांनी करवून घेतलं नाही.

त्यांच्या आधी हे काम करवून घेतलं गेलं होतं, आणि उत्तम. १९४३ साली मुंबईत 'इप्टा' ही जननाट्य संघटना स्थापन झाली, ती बंगालच्या दुष्काळाच्या छायेत. अंधेरीला इप्टाचं मध्यवर्ती पथक राहत असे. उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रातून आलेले शांती बर्धन नाच बसवत, संगीताला रविशंकर होते. आश्रमासारखं राहायचं, एका ताटात जेवायचं, तालमी करायच्या. पथक फुटल्यावर बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' काढला. त्यातलं रामायण माणसांनी कठपुतळ्यांसारखं नाचून केलेलं. बर्धन १९५४ मध्ये क्षयाने गेले आणि गुल बर्धन यांनी संच पुढे ग्वाल्हेर, भोपाळला नेला. अहमदाबादेत मृणालिनी साराभाई यांनी साठच्या दशकातच सौराष्ट्रातल्या सुनांच्या आत्महत्यांवर भरतनाट्यममध्ये रचना केली होती. विहिरीत उडी घेणारी सून भरतनाट्यममध्ये दाखवणं तेव्हा किती अवघड गेलं असेल, त्याचा अंदाज आज येत नाही. मल्लिका साराभाई यांनी तो धागा १९८९ च्या 'शक्ती'पासून पुढे ओढला.

हे सगळं मंचावरून प्रेक्षागृहाकडे जाणारं काम. उलट दिशेने जाणाऱ्यांत मला पहिलं नाव घ्यायचं ते अस्ताद देबू यांचं. २०२० च्या डिसेंबरात ते मुंबईत गेले. कोलकात्याच्या 'अॅक्शन प्लेयर्स' या कर्णबधिर कलावंतांच्या संचाबरोबर आणि चेन्नईच्या कर्णबधिर मुलांबरोबर त्यांनी अनेक वर्षं काम केलं. ऐकू न येणाऱ्या मुलीला ताल कसा द्यायचा? मोजून, नजरेने, शेजारणीच्या खांद्याच्या हालचालीवरून. त्यामुळे एक झालं. देबूंचा स्वतःचा संथ, रोखून धरलेला, मान आणि बोटांवर जगणारा नाच त्या मुलांच्या हातांच्या भाषेजवळ सरकत गेला. कोण कुणाला शिकवत होतं हे शेवटी सांगता येईना. दिल्लीच्या सलाम बालक ट्रस्टच्या रस्त्यावरच्या मुलांबरोबर त्यांनी २००९ साली 'ब्रेकिंग बाउंडरीज' केलं तेव्हाही दया नावाला नव्हती. तालमीला उशीर झाला तर ओरडा व्यावसायिकांना बसतो तसाच बसे.

कोलकात्यात सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ साली 'संवेद' स्थापन केली. देहविक्रीच्या व्यवहारातून सुटून आलेल्या मुलींबरोबर नृत्योपचार. संस्थेचं वैशिष्ट्य उपचारात आहे त्याहून जास्त पुढच्या पायरीत आहे: त्याच मुली प्रशिक्षक झाल्या, मानधन घेऊन दुसऱ्यांना शिकवू लागल्या. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने याच संस्थेच्या साथीने नृत्योपचाराची पदविका सुरू केली. त्याच शहरात अलोकानंदा रॉय यांनी २००७ पासून तुरुंगातल्या कैद्यांकडून टागोरांचं 'वाल्मीकि प्रतिभा' करवून घेतलं. दरोडेखोराचा कवी होतो ही कथा कैद्यांनी करावी यातली सोय जरा जास्तच नेमकी आहे, पण पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हे खरं आणि ते नाटकी नव्हतं. चेन्नईत २०१५ साली टी. एम. कृष्णा आणि मित्रांनी ऊरूर-ऑल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात भरतनाट्यम आणि कर्नाटक संगीताचा महोत्सव भरवला. पहिल्याच वर्षी कुणीतरी विचारलं की मासे विकणाऱ्यांना भरतनाट्यम दाखवणं हा न्याय, की सभागृहात पारई हा ढोल वाजू देणं हा न्याय? त्या प्रश्नानंतर महोत्सव दोन्ही बाजूंनी चालू झाला.

हा प्रश्न महाराष्ट्रात विचारला की मग लावणीपाशी आल्याशिवाय सुटका नाही.

आपल्याकडे न्यायाची चळवळ आणि मंच यांचं नातं कुणालाही हेवा वाटावा इतकं जुनं आहे. सत्यशोधकी जलसे, आंबेडकरी जलसे, १९४४ चं अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक. या सगळ्यांनी साचा तमाशाचा घेतला. गण घेतला, बतावणी घेतली, वग घेतला, ढोलकी आणि तुणतुणं घेतलं. गवळणीची जागा मात्र प्रबोधनाने घेतली आणि नाचणारी बाई बाहेर राहिली. कारणं समजण्यासारखी होती. नाचणाऱ्या बायका ज्या जातींतून येत त्यांच्यावर नाच हे जातीने लादलेलं काम होतं, आणि त्यातून सुटणं हाच स्वाभिमान होता. पवळाला घेऊन पठ्ठे बापूराव चळवळीसाठी देणगी द्यायला आले तेव्हा बाबासाहेबांनी ती नाकारल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. बाबासाहेबांचं त्यात चुकलं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी पवळा तिथे उभी होती आणि तिने काय ऐकलं, हा प्रश्न शिल्लक राहतो. तो उचलला शैलजा पाईक यांनी. येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या, आता सिनसिनाटीत इतिहास शिकवणाऱ्या पाईक यांच्या २०२२ च्या पुस्तकात तमाशातल्या दलित बायका आहेत. 'अश्लील' हा शिक्का कुणी मारला, 'अस्सल' कुणाला म्हटलं आणि या दोहोंत 'माणुसकी' कुठे राहिली, हा त्या पुस्तकाचा कणा आहे. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. लर्मन यांना ती २००२ मध्ये आणि झोलर यांना २०२१ मध्ये मिळाली होती. योगायोगच आहे, पण मला तो आवडला. पाईक यांच्या पुस्तकाआधी, १९९५ मध्ये, शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांवर लिहून या चर्चेला तोंड फोडलं होतं.

म्हणून म्हटलं, गाणं आत आलं आणि नाच दाराबाहेर राहिला. मराठी प्रबोधनाला आवाज आहे, पहाडी आवाज आहे. त्याला कंबर नाही.

एक अपवाद सांगितला पाहिजे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले यांच्या जोडीने मुलीही होत्या आणि त्या नाचत होत्या. 'महाराष्ट्र दर्शन', 'भारत दर्शन' यांसारख्या कार्यक्रमांतून पांढरपेशा घरांतल्या मुली पहिल्यांदा मोकळेपणाने मंचावर आल्या. त्या नाचावर देशाचं पांघरूण होतं म्हणून आयांनी पाठवलं, हे खरं. पण पाठवलं. सुधा वर्दे त्या पिढीतल्या नर्तिका आणि कार्यकर्त्या, आणि त्यांच्या कन्या झेलम परांजपे पुढे ओडिसी नर्तिका झाल्या. कलापथकातच वाढलेली स्मिता पाटील ही झेलमताईंची मैत्रीण. तिच्या निधनानंतर १९८९ साली त्यांनी तिच्या नावाने 'स्मितालय' काढलं, सांताक्रूझला. त्यांनीही 'लीलावती' केलं. चंद्रलेखांचं लीलावती आणि हे लीलावती शेजारी ठेवून कुणीतरी एकदा सविस्तर लिहायला हवं. पण ओडिसी असो की कलापथकातलं लोकनृत्य, ज्या बायकांचा पिढ्यान्‌पिढ्या हा उद्योग होता त्या यात कुठे आल्या नाहीत. कोळीनृत्य बसवायला कोळीण बोलावल्याचं मी ऐकलेलं नाही.

सरकारने काय केलं ते थोडक्यात. स्वातंत्र्य मिळताच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि उठवताना वग आधी तपासून घेण्याची अट घातली. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा सन्मान मिळाला, १९५७ मध्ये आणि १९९० मध्ये, आणि २००२ मध्ये त्या हलाखीत गेल्या. कनातीमागे बाळंत होऊन त्या परत फडावर उभ्या राहिल्या ही गोष्ट आपण शाळेच्या भाषणांतसुद्धा कौतुकाने सांगतो. नववा महिना भरलेल्या बाईला त्या रात्री उभं का राहावं लागलं, हे त्या भाषणात नसतं.

मग २००५ चा डान्सबार बंदीचा कायदा. ७५,००० बायकांचा रोजगार गेला असा आकडा त्या वेळी सर्वत्र सांगितला जाई. तीन तारांकित आणि वरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना सूट होती, म्हणजे तोच नाच महागड्या फरशीवर अश्लील नव्हता. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायदा रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला, सरकारने नवे कायदे आणले, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच अटी काढून टाकल्या. बक्षीस द्यायला हरकत नाही, पैसे उधळायचे नाहीत, असं ठरलं. या बायकांतल्या कितीतरी परंपरेने नाचणाऱ्या जमातींतल्या होत्या, हे समीना दलवाई यांनी आपल्या पुस्तकात मांडलं आहे. नाच आणि सामाजिक न्याय यांचा इतका थेट सामना महाराष्ट्रात दुसरा झाला नाही. तो कोर्टात झाला, संघटनांच्या मोर्चांत झाला. मंचावर त्याचं नृत्यनाट्य काही झालं नाही. आपल्या समकालीन नर्तकांना त्या चौदा वर्षांत हा विषय आपला वाटला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

नाटकवाल्यांना मात्र बारी, म्हणजे लावणी करणाऱ्या बायकांचा ताफा, दिसली होती. सुषमा देशपांडे यांचं 'तिच्या आईची गोष्ट अर्थात माझ्या आठवणींचा फड' तमाशातल्या बाईच्या तोंडून बोललं. सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगावकर यांनी आधी माहितीपट केला, कोरगावकरांचं 'संगीत बारी' हे पुस्तक आलं, आणि मग त्याच नावाचा मंचावरचा प्रयोग. निवेदन शहरी, पण बाकी सगळं त्या बायकांचं. शकुंतलाबाई नगरकर बसल्या जागेवरून एका ओळीच्या पाच अदा करतात तेव्हा 'बैठकीची लावणी' म्हणजे काय ते एका क्षणात कळतं. कंबर हलतही नाही आणि सगळ्या सभागृहाचं लक्ष कंबरेकडेच असतं. झोलर यांनी बॅलेच्या नाकावर टिच्चून जे पुढे आणलं, ते आमच्या बाईने न हलवता पुढे आणलं. या प्रयोगात प्रेक्षक हसतात, शिट्ट्या मारतात, आणि मधल्या गप्पांत चौफुल्याच्या, मोडनिंबच्या थिएटरांतलं भाडं, हिशेब, मुलींचं शिक्षण, घर चालवणारी बाई आणि लग्नाचा नसलेला नवरा हेही कानावर पडतं. 'हेअर पार्टी'हून हे फार वेगळं नाही.

वेगळं आहे ते शिकवणीत. झोलर यांच्या शिबिरात केसांबद्दल बोलणारी बाई पुढच्या वर्षी शिबिर घेणारी होऊ शकते. कोलकात्याच्या संवेदमध्ये शिकलेली मुलगी शिकवणारी होते. आपल्याकडे बारीतली मुलगी शिकते ती मावशीच्या मागे बसून, दहा वर्षं टाळ्या देत, आणि त्या दहा वर्षांना कुठल्याही कागदावर नाव नाही. इकडे शहरात लावणीच्या कार्यशाळा जोरात आहेत. डॉक्टर, बँकेतल्या, आयटीतल्या बायका येतात, नऊवारी नेसतात, मनापासून नाचतात. मला त्यात वावगं काही दिसत नाही, उलट कित्येकींना आपली कंबर तिथेच पहिल्यांदा सापडते.

अशाच एका कार्यशाळेच्या शेवटच्या दिवशी मी पुण्यात होतो. पाच दिवस शिकवलं होतं ते एका ज्येष्ठ बारीवालीने, पायाला बांधलेल्या पाचपाच किलोंच्या चाळांसकट. प्रमाणपत्रं वाटली गेली. त्यावर 'प्रशिक्षक' म्हणून आयोजक बाईंचं नाव होतं, त्या भरतनाट्यम विशारद. खाली लहान अक्षरांत 'विशेष सहभाग' म्हणून बाईंचं आडनाव चुकवलेलं. एक प्रत त्यांनाही दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, चार घड्या घालून चाळांच्या पिशवीत टाकली आणि चौफुल्याला थांबणारी शेवटची एसटी स्वारगेटहून किती वाजता सुटते, ते विचारलं.